त्याच्याजवळ कोण होतं

॥ श्री ॥

लालबाग, मुंबई
२ एप्रिल १९५६

तीर्थस्वरूप सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर केला म्हणून रागावू नकोस. लिहायला बसलं की पहिल्याच ओळीत आम्ही इकडे खुशाल असं घालावं लागतं आणि तिथंच हात थांबतो. आज ती ओळ घातलेली नाही. ती नाही असं समजूनच पुढं वाच.

गावाहून परतल्यापासून हे गिरणीत पाळीला जातात, येतात, पानावर बसतात आणि भिंतीकडे तोंड करून आडवे होतात. आमच्यात बोलणं उरलंय ते मीठ कमी झालंय आणि किल्ली कुठं आहे एवढंच. खाणावळ ह्यांनी बंद केली. जेवायला येणारी सगळी आपल्या राजापूर-देवगडकडची तरणी पोरं. जिन्यात त्यांच्या चपला वाजल्या की हे पानावरून उठायचे. एक दिवस सगळ्यांना हात जोडून म्हणाले की, बाबांनो, दुसरीकडे सोय बघा. पोरं खाली मान घालून गेली. मोठी पातेली माळ्यावर चढली. इतकी वर्षं भाकऱ्या थापून थापून ह्या हातांना सवय झालीय, आता दोन माणसांच्या भाकऱ्या झाल्या की दिवस संपतच नाही. स्वच्छ भांडीच पुन्हा घासते. शेजारच्या सुभद्रेनं परवा माझ्या हातातून तवा काढून घेतला.

एक गोष्ट तुला तिकडे असताना सांगितली नव्हती, सांगवलीच नाही. त्या पौषातल्या गोळीबाराच्या दिवशी आमचा जगदीश गिरगावातल्या छापखान्यातून निघाला तो घरी आलाच नाही. तो मोर्चात होता की नुसता बघत उभा होता, हे अजून कुणी नक्की सांगत नाही. परळच्या इस्पितळात नेलंय असा निरोप आला, पण बाहेर संचारबंदी. चाळीचा दरवाजा आतून लावलेला, गल्लीच्या तोंडाशी पोलीस. मला जाऊ दिलं नाही. दोन दिवस मी दाराशी बसून होते. शेवटी हे गल्लीबोळांतून गेले आणि परत आले ते तो गेल्याचं सांगायलाच. तेव्हा मी एकच विचारलं, त्याच्याजवळ कोण होतं?

हे म्हणाले, एक बाई होती. पांढऱ्या साडीतली, फुकट सेवा करायला येतात त्यांच्यातली. ती त्याला चमच्यानं पाणी पाजत होती, कपाळावर हात ठेवून होती. त्यानं आई आली का असं विचारलं, तर ती हो म्हणाली. मग तो शांत झोपला.

ताई, त्या बाईच्या जोरावर मी आजवर उभी आहे. आता मनात आलंय की आपणही तसं करावं. कुणाची आई वेळेवर पोचत नसेल तर तिच्या जागी बसावं. मला पैसा नको. नुसतं बसू देणारं कुणीतरी हवं. पण अशा कामाला कुठं जायचं, कुणाला विचारायचं, काही कळत नाही. अप्पांना विचारून कळव.

अप्पांना आणि तुझ्या सासूबाईंना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

तुझी
राधा


॥ श्री ॥

नाटे, ता. राजापूर
१९ एप्रिल १९५६

चि. सौ. राधाबाई हिस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मध्येच ठेवून गुरांना पाणी दाखवायला गेले. त्या बाईचं वाचून मात्र बरं वाटलं. देव कुठल्या रूपात उभा राहील सांगता येत नाही. तिचं भलं होवो.

आमच्या ह्यांना, तुझ्या अप्पांना, विचारलं. आपल्या वडिलांसारखेच तेही मास्तर, तेव्हा आधी तासभर समाजसेवा म्हणजे काय हे सांगून झालं. सार एवढंच की गिरगावात, दादरला, परळला अशा संस्था आहेत, त्यांच्याकडे जाऊन भेटावं लागतं, त्या चार प्रश्न विचारतात आणि मग ठरवतात. मी म्हटलं, फुकट काम करायलासुद्धा परीक्षा? तर म्हणाले, फुकट कामालाच जास्त.

तुला एवढी हौसच असेल तर इकडे ये. आमच्या सासूबाईंची सेवा मुलाखतीशिवाय मिळेल. काल त्यांनी पेजेची वाटी माझ्या अंगावर ओतली आणि वर शेजारणीला सांगितलं की सून उपाशी ठेवते. अंथरुणाला खिळून इतकी वर्षं झाली, पण जीभ अजून चालती-फिरती आहे. तुझी नेमणूक मी आजच पक्की करते.

थट्टा सोड. पावसाळ्यापूर्वीची शेवटची बोट असेल तोवर दोघंही या. भावोजींना बळंच आण. फणस पिकायला लागलेत. तुला एकटीला त्या खोलीत बसलेली मनात आणवत नाही.

पत्र पाठवत राहा. तुझ्यावरचा माझा जीव तुला ठाऊकच आहे.

तुझी
ताई


॥ श्री ॥

लालबाग, मुंबई
२२ जुलै १९५६

तीर्थस्वरूप सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही बोटीनं आलो नाही म्हणून तू रुसली असशील. ह्यांनी रजाच मागितली नाही. मी मात्र अप्पांचं ऐकून दोन ठिकाणी जाऊन आले. काय काय झालं ते सांगते, हसायचं तर हस.

पहिली संस्था गिरगावातली, बायकांची. ट्रामनं गेले. माडीवर स्वच्छ खोली, पंखा, टेबलाच्या पलीकडे तिघीजणी. मला खुर्ची दिली. मी नऊवारी सावरून टोकाशी बसले. शिक्षण विचारलं, मी चौथी झाल्याचं आणि वडील शाळामास्तर असल्याचं सांगितलं. इंग्रजी वाचता येतं का? नाही. आधी कुठल्या संस्थेत काम केलंय का? खाणावळ चालवली. यजमान काय करतात? गिरणीत, साच्यावर कापड विणतात. त्यावर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग मधल्या बाईंनी विचारलं की सेवा करावी असं तुम्हांला का वाटतं. ताई, वाटेत किती तयारी केली होती! ऐन वेळी तोंडातून एवढंच आलं की घरी बसवत नाही. त्या म्हणाल्या की सेवा म्हणजे वेळ घालवण्याचं साधन नव्हे. खरंच आहे ते. मी उठले.

निघताना त्यांच्यातल्या एकीनं मायेनं थांबवलं. त्यांच्या आश्रमातली स्वयंपाकीण सोडून गेलीय, तर मी येईन का? पगार आणि दोन वेळचं जेवण. मी नाही म्हटलं. म्हणजे बघ, माझे हात त्यांना हवे होते, पण पगारी. बिनपगारी बसायचं ते खुर्चीवर, आणि ती खुर्ची वेगळ्या माणसांची.

दुसरीकडे गेले दादरला. गोळीबारात जायबंदी झालेल्यांना मदत करायला तिथं एक समिती आहे. हेरंब म्हणून तरुण मुलगा तिचं काम बघतो, जगदीशपेक्षा थोडा मोठा असेल. मी नाव सांगताच तो उभा राहिला आणि माझ्या पाया पडला. मी म्हटलं, मला स्वयंपाक येतो, आजाऱ्यापाशी बसता येतं, पट्ट्या धुवायच्या असतील तर त्याही धुईन. त्याचे डोळे भरले. म्हणाला, आई, ही कामं तुमची नव्हेत, तुमची जागा व्यासपीठावर आहे. रविवारी सभा होती. मला नाही म्हणता आलं नाही. वाटलं, एकदा बसले तर मग काम देतील.

बसवलं, हार घातला, वीरमाता म्हणून नाव पुकारलं. समोर डोकीच डोकी. दोन शब्द बोला म्हणाले. मी उभी राहिले आणि जे येत होतं तेच बोलले. म्हटलं, मला जेवण करता येतं, आजाऱ्यापाशी बसता येतं, कुणाला गरज असेल तर मला सांगा, मी लालबागला राहते. लोकांना वाटलं बाईचं चित्त ठिकाणावर नाही. मग कुणीतरी घोषणा दिली आणि सगळे जगदीशच्या नावानं ओरडू लागले. मला खाली उतरवलं. पट्ट्या धुवायला अजून कुणी बोलावलेलं नाही. पुढच्या सभेचं बोलावणं मात्र आलंय.

हार घेऊन घरी आले. ह्यांनी हाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि टोपी घालून बाहेर निघून गेले. कुठं गेले होते ते विचारलं नाही. त्यांनीही माझं विचारलं नाही.

आता परळच्या इस्पितळात रुग्णांपाशी बसणाऱ्यांचं मंडळ आहे, तिथं जायचं राहिलंय. खरं तर तिथंच आधी जायला हवं होतं. पण त्या दारातून आत जायला पाय उचलत नाहीत. कदाचित तिथं ती पांढऱ्या साडीतली बाई भेटेल. भेटली तर तिच्या पायांवर डोकं ठेवायचंय.

तुझा लोभ हाच माझा आधार, तो सोडू नकोस.

तुझी
राधा


॥ श्री ॥

नाटे
१४ ऑगस्ट १९५६

चि. सौ. राधाबाई हिस,
ताईचे आशीर्वाद.

मी हसले नाही गं. अप्पांना पत्र वाचून दाखवताना त्या सभेशी आले आणि पुढचं त्यांनीच वाचलं.

त्या गिरगावच्या बायांना काय ठाऊक, कुणाला घरी बसवत नाही म्हणजे काय असतं ते. पण त्या स्वयंपाकाच्या कामाला तू नाही म्हणालीस हे मला तितकंसं पटलं नाही. हाताला काम हवं होतं ना? पगार घेऊन केलं तर पुण्य कमी होतं असं कुठं लिहिलंय? मी आपली वेडी बाई, पण मला वाटतं ते लिहिते. तू रागावशील आणि मग महिनाभरानं त्यावर उत्तर देशील, तेवढंच एक पत्र जास्त.

परळला जायचंच असेल तर एकटी जाऊ नकोस. भावोजींना बरोबर घे. त्यांनी त्या बाईला पाहिलंय, ते ओळखतील. मला ह्यात एक कळत नाही, त्यांनी आपणहून तिला शोधायला जाऊ या असं कधी म्हटलं नाही का?

इकडे पाऊस आडवा-तिडवा. सासूबाईंना ठसका लागलाय. औषध मीच पाजायचं, दुसऱ्या कुणी दिलं तर थुंकतात आणि मी दिलं तर शिव्या देऊन गिळतात. ह्याला प्रेम म्हणतात असं अप्पा म्हणतात.

प्रकृतीला जप. माझी आठवण ठेव, मी तुझी ठेवतेच आहे.

तुझी
ताई


॥ श्री ॥

लालबाग, मुंबई
२५ नोव्हेंबर १९५६

तीर्थस्वरूप सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र अप्पांना दाखवलंस तरी चालेल, पण मोठ्यानं वाचू नकोस.

ह्यांना बरोबर चला म्हटलं होतं. त्यांनी आज पाळी बदललीय, उद्या अंग दुखतंय, असं करत दिवस ढकलले. शेवटी मी एकटीच परळला गेले. मंडळाच्या खोलीत दोन बायका आणि एक वयस्क बाई होत्या. वयस्क बाईंचं नाव सुंदराबाई. आधी तिथंच परिचारिका होत्या, आता मंडळ सांभाळतात. आवाज कडक, पण नजर चांगली. त्यांनीही तोच प्रश्न विचारला, कशासाठी यायचंय?

ह्या खेपेला मी अडखळले नाही. सगळं सांगितलं. संचारबंदी, माझं दाराशी बसणं, ती पांढऱ्या साडीतली बाई, चमच्यानं पाणी, आई आली म्हणून तिनं सांगणं. ती तुमच्यातलीच असेल, मला तिला एकदा भेटायचंय, असंही म्हटलं.

सुंदराबाई मध्येच म्हणाल्या की नाही हो, काहीतरी घोटाळा झालाय, त्या दिवसांत मंडळाचं कुणीच आलेलं नव्हतं, येणारच कसं, रस्ते बंद होते. शिवाय आमच्या बायकांना पांढरी साडी नसते, नुसता बिल्ला असतो. मी तेव्हा कामावर होते, व्हरांड्यात खाली जमिनीवर माणसं होती, आम्ही एका ठिकाणी उभ्याही राहू शकत नव्हतो. एकेकापाशी बसायला कोण होतं? कुणी सांगितलं तुम्हांला हे?

मी म्हटलं, माझ्या मालकांनी.

त्यांनी चष्मा काढला. मग त्यांना कळलं आपण काय बोलून बसलो ते. दुसऱ्या बाईंनी घाईघाईनं सांगितलं की ज्यांच्या घरचं माणूस वर्षाच्या आत गेलंय त्यांना मंडळ घेत नाही, तुम्ही वर्ष उलटल्यावर या. सुंदराबाई फाटकापर्यंत माझ्याबरोबर आल्या. काहीतरी बोलत होत्या, मला एक अक्षर आठवत नाही.

घरी आले. हे पहिल्या पाळीहून येऊन बसले होते. मी पदर न सोडता, उभ्या उभ्या सांगितलं की परळला जाऊन आले आणि तिथं अशी कुणी बाई नव्हती. मी पान वाढलं. हे जेवले. ताट स्वतः धुऊन ठेवलं, जे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. मग माझ्यासमोर येऊन बसले आणि बोलले. मला वाटतं लग्न झाल्यापासून एका दमात एवढं कधी बोलले नसतील.

ते पोचले तेव्हा जगदीश जाऊन कितीतरी वेळ झाला होता. कधी गेला ते तिथं कुणालाच नक्की सांगता येईना. कोण जवळ होतं ह्याला उत्तर नव्हतं. परळहून लालबागेपर्यंत चालत येताना त्यांच्या डोक्यात एकच घोळत होतं की ही मला विचारणार, त्याच्याजवळ कोण होतं. रिकाम्या हातांनी घरात कसा शिरू? तेव्हा वाटेत त्यांनी ती बाई उभी केली. आधी नुसती बसवली. मग तिच्या हातात चमचा दिला. चाळीच्या जिन्यात पोचेपर्यंत ती बोलायलाही लागली होती. नंतर मी रोज तिचं नाव घ्यायला लागले, आणि त्यांना माझ्याकडे बघवेना. म्हणून ते भिंतीकडे तोंड करून निजत होते.

ताई, माझ्या पोराला कुणी पाणी पाजलं नाही. आई आली असं त्याला कुणी खोटंसुद्धा सांगितलं नाही. मी दहा महिने ज्या बाईला हात जोडत होते ती नव्हतीच.

मी ह्यांच्यावर ओरडले नाही. ओरडायला हवं होतं का, ते तू सांग. नव्या द्विभाषिक राज्यावरून चाळीत रोज भांडणं चालू आहेत, सगळे तावातावानं बोलतात. आमची एकच खोली गप्प आहे.

संस्था, मुलाखती, सगळं आता पुरे. आणखी काही लिहवत नाही. तुझा लोभ आहे ना, तो असू दे.

तुझी
राधा


॥ श्री ॥

नाटे
१२ जानेवारी १९५७

चि. सौ. राधाबाई हिस,
ताईचे आशीर्वाद.

उत्तर लिहायला घेतलं आणि तेवढ्यात घरात गडबड झाली, म्हणून उशीर. आमच्या सासूबाई गेल्या. त्यांचं वय झालंच होतं, दुःख करण्यासारखं काही नाही असं सगळे म्हणतात. पण तुला म्हणून लिहिते. इतकी वर्षं मी त्यांच्या उशाशी काढली. रात्रंदिवस. त्या दिवशी सकाळी गाय व्यायला झाली होती म्हणून मी गोठ्यात गेले. वासरू बाहेर आलं, मी हात धुऊन घरात आले, तर त्या गेलेल्या. तोंड दाराकडे वळलेलं. जवळ मांजरसुद्धा नव्हतं.

शेवटी कुणी कुणाजवळ असायचं हे आपल्याला ठरवता येत नाही गं. एवढंच मला कळलंय आणि ह्यानं तुझं समाधान होणार नाही हेही कळतंय. माझंही झालेलं नाही.

ओरडायला हवं होतं का, असं विचारलंस. मला ठाऊक नाही. तुझं पत्र वाचून आधी मला भावोजींचा संताप आला, मग रडू आलं. आता ते चालत येताना दिसतात डोळ्यांसमोर. त्यांना दूर लोटू नकोस. जवळ करवत नसेल तर नको करू. नुसतं दूर लोटू नकोस.

संक्रांतीचे तिळगूळ पोस्टानं पाठवलेत, दोन्ही घरांत वर्ष सरलेलं नाही, तेव्हा चालतात का ते अप्पांनाही सांगता आलं नाही. तुला चालत नसतील तर सुभद्रेच्या मुलांना दे.

तू माझी आहेस, हे विसरू नकोस.

तुझी
ताई


॥ श्री ॥

लालबाग, मुंबई
१८ ऑगस्ट १९५७

तीर्थस्वरूप सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मधल्या तुझ्या दोन पत्रांना मी नुसती कार्डं टाकली. आज सगळं लिहिते.

निवडणुकीनंतर चाळीत गुलाल उधळला तेव्हा आमचं दार लावलेलं होतं. पुढं उन्हाळ्याच्या शेवटी ही तापाची मोठी साथ आली. घरटी एक-दोन माणसं आडवी. गिरण्यांत साचे ओळीनं बंद, कारण माणसंच नाहीत. अशात एक दिवस सुंदराबाई स्वतः जिना चढून आमच्याकडे आल्या. मंडळाच्या निम्म्या बायका आजारी आहेत, वर्षाचा नियमही आता आड येत नाही, मुलाखत-बिलाखत काही नको, उद्यापासून येता का, असं विचारलं. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हणाले नाहीत. मी गेले.

व्हरांड्यात खाटा लागल्या होत्या. मी तोंडं पुसत होते, पेज भरवत होते. करी रोडच्या चाळीतला भिवा म्हणून एक विशीतला मुलगा होता. ताप छातीत उतरलेला. त्यांच्या घरानं गेल्या वर्षी बौद्ध धर्म घेतला. खरं सांगते, माझ्या खाणावळीत त्यांच्यातलं कुणी कधी पंगतीला बसलं नव्हतं, आणि आलं असतं तर मी बसवलं असतं का, ह्याचं उत्तर मला देता येत नाही. भिवा मात्र मी पहिल्यांदा पाणी पुढं केलं तेव्हा थोडं हसला आणि म्हणाला, मावशी, नुसतं पाणीच का, सुक्या बोंबलाची चटणी नाही आणली? रोज तेच म्हणायचा. बरा झालास की डबाभर देते म्हणून मी कबूल केलं होतं.

त्याची आई कमलाबाई गिरणीत वाइंडिंगला, सूत गुंडाळायच्या खात्यात. घरात कमावणारी ती एकटी. बदलीवर होती, कायम नव्हती, खाडा केला की दुसरी बाई उभी. म्हणून पाळी सुटली की धावत यायची, केसांत कापसाचे तंतू तसेच घेऊन.

एका दुपारी त्याला धाप लागली. डॉक्टर आले, गेले. मी त्याचा हात धरून होते. पाणी पाजलं, थोडं गेलं, थोडं बाहेर आलं. त्यानं आई असं म्हटलं. मी म्हटलं, येतेय रे ती. आलीय असं म्हणवलं नाही मला. मग तो गेला. ताई, मी होते त्याच्याजवळ. जे व्हावं म्हणून मी संस्थांच्या पायऱ्या झिजवल्या ते माझ्या हातून पुरतं झालं.

कमलाबाई आली. मी तिला सांगितलं की तो एकटा नव्हता, मी होते, पाणी पाजलं, हात सोडला नाही. मला वाटलं होतं की हे ऐकून तिचं काहीतरी हलकं होईल. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, तू का होतीस? मी का नव्हते? माझ्या पोराचा हात तू का धरलास? आणि खाटेवरचा माझा हात तिनं झटकून टाकला. मग खाली बसली. तिच्या चाळीतल्या बायका आल्या, त्यांनी तिला उठवलं. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

दिवेलागणीला घरी आले. हे दारातच होते. मी म्हटलं, तुमची ती बाई खरंच असती ना, तर मी तिला जन्मभर शाप दिले असते. ह्यांनी ऐकलं. आणि मग उंबऱ्यावर बसून मोठ्यानं रडले, दीड वर्षानंतर पहिल्यांदा. चाळीतली माणसं गॅलरीत जमली. मी कुणाला जा म्हटलं नाही आणि ह्यांना उगी असंही म्हटलं नाही. दोघंही बसून राहिलो. त्यानं काही मिटलं असं समजू नकोस. ह्यांना अजून झोप नाही, मलाही नाही.

साथ ओसरल्यावर मंडळानं कळवलं की पुढंही यायचं असेल तर रीतसर मुलाखत द्यावी. गेले. तीच खोली, त्याच बायका. पुन्हा तेच विचारलं, कशासाठी यायचंय? मी म्हटलं, ठाऊक नाही. माझ्या बसण्यानं कुणाचं दुःख कमी झालेलं मला दिसलं नाही, माझंही नाही. त्यातल्या एक बाई नाराज झाल्या, म्हणाल्या की मग उपयोग काय? मलाही तेच वाटत होतं. सुंदराबाईंनी एवढंच विचारलं की कुठले दिवस जमतील. मी मंगळवार आणि शुक्रवार सांगितलं. त्यांनी बिल्ला दिला.

गेल्या शुक्रवारी हे म्हणाले की आज फाटकापर्यंत सोबत येतो. जगदीश गेल्यापासून ते त्या रस्त्यानं गेलेले नाहीत, गिरणीत जायलासुद्धा लांबचा वळसा घेतात. निघालो. इस्पितळाची भिंत दिसायला लागली त्या कोपऱ्यापर्यंत आले, थांबले, आणि परत फिरले. मी थोडा वेळ त्यांच्या पाठीकडे बघत उभी राहिले. मग वेळ झाली म्हणून पुढं गेले.

अप्पांना नमस्कार. इकडची काळजी करू नकोस असं लिहिणार होते, पण तू करणारच. कर. तेवढीच कुणीतरी करतंय असं वाटतं.

तुझी
राधा